यकृतशोथ बी प्रतिबंधक लस

यकृतशोथ बी प्रतिबंधक लस : यकृतशोथ बी व्हायरसाच्या संसर्गापासून संरक्षण देणारी लस. यकृताच्या दाहयुक्त सुजेस यकृतशोथ म्हणतात. तिच्या व्हायरसजन्य प्रकारांना ए, बी, सी, डी व ई अशी नावे असून त्यांपैकी बी प्रकार व्यवहारात ‘हिपॅटायटीस बी’ या नावाने परिचित आहे. या लसीत रोगकारक व्हायरस जिवंत वा मृत अशा कोणत्याही रूपात नसतो. त्याच्या बाह्य आवरणातील एक प्रथिन तेवढे असते. यकृतशोथ बी व्हायरस हे यकृताच्या कर्करोगाचे एक प्रमुख कारण असल्यामुळे मानवातील कर्करोगास प्रतिबंध करणारी पहिली लस म्हणूनही तिचा उल्लेख करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सु. २५.४ कोटी लोकांना या व्हायरसाचा चिरकारी (दीर्घकाळ टिकणारा) संसर्ग होता व त्या वर्षी सु. ११ लाख लोक त्याच्या परिणामांनी मृत्यू पावले. भारतातील चिरकारी संसर्ग झालेल्यांची संख्या त्याच वर्षी सु. २.९८ कोटी होती.

व्हायरस व रोग : यकृतशोथ बी व्हायरस गोलाकार असून त्याचा व्यास सु. ४२ नॅनोमीटर असतो (१ नॅनोमीटर = मीटरचा एक अब्जांश भाग). त्याच्या गाभ्यात अंशतः दुपदरी असलेला डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्लाचा (डीएनएचा) सु. ३,२०० घटकांचा वर्तुळाकार रेणू असतो. गाभ्याभोवती गाभा प्रतिजन व त्याबाहेर मेदयुक्त आवरण असून त्यात पृष्ठ प्रतिजन रोवलेले असते. (ज्या पदार्थामुळे शरीरात विशिष्ट प्रतिपिंडे तयार होतात त्यास प्रतिजन म्हणतात.) संसर्ग झालेली यकृत कोशिका पृष्ठ प्रतिजन गरजेपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात तयार करते. हे जादा प्रतिजन सु. २२ नॅनोमीटर व्यासाच्या पोकळ कणांच्या रूपात रक्तात येते. या कणांत डीएनए नसल्यामुळे ते संसर्ग घडवू शकत नाहीत. लसीची सर्व उभारणी निसर्गाच्या या उधळपट्टीवर झाली आहे.

हा व्हायरस यकृत कोशिकांचा प्रत्यक्ष नाश करीत नाही. बाधित कोशिका ओळखून शरीराचीच प्रतिरक्षा यंत्रणा त्या नष्ट करते व त्यातून यकृताची सूज, कावीळ, भूक मंदावणे, मळमळ, थकवा इ. लक्षणे उद्‌भवतात. परिपाक काल (संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ) ३० ते १८० दिवसांचा असतो. प्रतिरक्षा यंत्रणा प्रबळ असलेल्या बहुसंख्य प्रौढांत व्हायरसाचे काही महिन्यांत उच्चाटन होते. पाच टक्क्यांहून कमी प्रौढांत संसर्ग चिरकारी होतो. याउलट जन्माच्या वेळी संसर्ग झालेल्या अर्भकांपैकी सु. ९० टक्के बालके चिरकारी वाहक बनतात, कारण त्यांची अपरिपक्व प्रतिरक्षा यंत्रणा व्हायरसाला परका म्हणून ओळखत नाही. चिरकारी संसर्गात व्हायरसाचा डीएनए यकृत कोशिकेच्या केंद्रकात बंदिस्त वर्तुळाच्या रूपात ठाण मांडून बसतो. आजची औषधे व्हायरसाची वाढ दाबून ठेवतात, परंतु या वर्तुळाचे समूळ उच्चाटन त्यांना क्वचितच साधते. चिरकारी संसर्ग असलेल्या प्रौढांपैकी सु. २० ते ३० टक्के व्यक्तींत कालांतराने यकृत सूत्रण रोग (यकृत कठीण व आकसलेले होणे) किंवा यकृताचा कर्करोग उद्‌भवतो. मध्यंतरीची अनेक वर्षे बहुधा लक्षणविरहित जातात. रोग झाल्यावर तो बरा करण्यापेक्षा तो होऊ न देणे किती महत्त्वाचे आहे, हे यावरून लक्षात येईल.

संक्रमण : व्हायरसाचे संक्रमण रक्त, वीर्य व योनिस्राव यांमार्फत होते. बाधित मातेकडून प्रसूतीच्या वेळी अर्भकास, लैंगिक संबंधातून, दूषित सुया व पिचकाऱ्यांतून, न तपासलेल्या रक्ताच्या आधानातून आणि वस्तरा, दात घासण्याचा ब्रश, गोंदण्याची वा कान टोचण्याची सुई यांसारख्या रक्ताचा संपर्क येणाऱ्या वस्तूंतून तो पसरतो. शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही तो किमान सात दिवस संसर्गक्षम राहतो. २००९ साली गुजरातमधील तत्कालीन साबरकांठा जिल्ह्यात मोडासा परिसरात या रोगाची मोठी साथ आली व अनेकांचे प्राण गेले. एकदा वापरलेल्या पिचकाऱ्या पुन्हा वापरल्यामुळे ती पसरली होती. हस्तांदोलन, एकत्र भोजन, खोकला, शिंक वा स्तनपान यांमुळे हा रोग पसरत नाही.

इतिहास : सुईवाटे पसरणाऱ्या काविळीची नोंद व्हायरसाच्या शोधाहून बरीच जुनी आहे. जर्मनीतील ब्रेमेन येथे १८८३ साली जहाजबांधणी कारखान्यातील १,२८९ कामगारांना मानवी लसीकेपासून बनविलेली देवीची लस टोचली असता पुढील काही महिन्यांत त्यांपैकी १९१ जणांना कावीळ झाली. १९४२ मध्ये अमेरिकेच्या सैन्यात मानवी रक्तरस मिसळलेली पीतज्वराची लस दिल्यानंतर काविळीची प्रचंड साथ उद्‌भवली. ती यकृतशोथ बी व्हायरसामुळे आली होती, हे १९८० नंतरच्या दशकात त्या वेळच्या सैनिकांचे रक्त तपासून निश्चित झाले.

व्हायरसाचा प्रत्यक्ष मागोवा मात्र वेगळ्याच संशोधनातून लागला. अमेरिकन शास्त्रज्ञ बारूक ब्लूमबर्ग हे निरनिराळ्या मानवसमूहांतील रक्तप्रथिनांच्या आनुवंशिक भेदांचा अभ्यास करीत होते. वारंवार रक्ताधान झालेल्या एका रक्तस्रावी रोग्याच्या रक्तरसातील प्रतिपिंडाची एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तरसाशी विक्रिया होते, असे त्यांना आढळले. त्यातील प्रतिजनाला ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ असे नाव देऊन १९६५ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी ते प्रसिद्ध केले. पुढे या प्रतिजनाचा काविळीशी असलेला संबंध उघड झाला व ते व्हायरसाचे पृष्ठ प्रतिजन असल्याचे ठरले. संपूर्ण व्हायरस कण १९७० मध्ये डेव्हिड डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडन येथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. या संशोधनाबद्दल ब्लूमबर्ग यांना १९७६ च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकात सहभाग मिळाला.

वाहकांच्या रक्तातील प्रतिजन वेगळे काढून त्याचीच लस करावी, ही कल्पना ब्लूमबर्ग व अर्व्हिंग मिलमन यांनी १९६९ मध्ये मांडली. बाधित रक्तरस पातळ करून उकळल्यास त्याची संसर्गक्षमता जाते, पण प्रतिरक्षा निर्माण करण्याची शक्ती काही अंशी टिकते, असे सॉल क्रुगमन यांनी १९७१ मध्ये दाखविले. त्यांचे प्रयोग न्यूयॉर्कमधील विलोब्रुक येथील मतिमंद मुलांवर झाले होते. वैद्यकीय नीतीच्या दृष्टीने त्यांवर कठोर टीका झाली आणि मानवी प्रयोगांचे नियम कडक करण्याच्या चर्चेत या प्रकरणाचा नेहमी उल्लेख होतो.

मॉरिस हिलमन यांनी वाहकांच्या रक्तद्रवातील कण शुद्ध करून त्यांवर पेप्सीन, यूरिया व फॉर्माल्डिहाइड यांची क्रमाने प्रक्रिया करण्याची पद्धत बसविली. वुल्फ झ्मुनेस यांनी न्यूयॉर्कमध्ये १,०८३ स्वयंसेवकांवर तिची चाचणी घेतली. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार लस घेतलेल्यांत रोगाचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटले. १९८१ मध्ये अमेरिकेत या लसीस परवाना मिळाला. तथापि त्याच सुमारास एड्स हा नवा रोग पुढे आला आणि मानवी रक्तापासून बनविलेल्या लसीविषयी लोकांच्या मनात भीती निर्माण झाली. शुद्धीकरणाच्या प्रक्रियेत एड्सचा व्हायरसही नष्ट होतो असे नंतर सिद्ध झाले. परंतु रक्तद्रवाचा मर्यादित पुरवठा व मोठा खर्च या अडचणी उरल्याच. त्यांवर जननिक अभियांत्रिकीने तोडगा काढला. पृष्ठ प्रतिजनाचे जनुक यीस्टमध्ये घालून तेथे प्रतिजनाचे कण तयार करण्यात पाब्लो व्हॅलेन्झुएला, विल्यम रटर, बेंजामिन हॉल व सहकाऱ्यांना १९८२ मध्ये यश आले. १९८६ मध्ये परवाना मिळालेली यीस्टजन्य लस ही मानवासाठी वापरण्यात आलेली पहिली पुनःसंयोजित लस होय. भारतात हैदराबाद येथील शांता बायोटेक्निक्स या कंपनीने १९९७ मध्ये देशी बनावटीची पुनःसंयोजित लस बाजारात आणली. पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासह इतर उत्पादकही या क्षेत्रात उतरल्याने आयात लसीची पूर्वीची भारी किंमत खाली आली व ती सामान्यांच्या आवाक्यात आली.

निर्मिती : व्हायरसाच्या संपूर्ण जनुकसंचापैकी केवळ पृष्ठ प्रतिजनाचे जनुक वेगळे करून ते एका लहान वर्तुळाकार डीएनएच्या साहाय्याने यीस्ट कोशिकेत घालतात. मोठ्या टाक्यांतून या यीस्टची वाढ केली असता ते स्वतःच्या प्रथिनांबरोबर पृष्ठ प्रतिजनही तयार करते. कोशिका फोडून प्रतिजन वेगळे करतात व अनेक टप्प्यांनी शुद्ध करतात. त्याचे रेणू आपोआप एकत्र येऊन वाहकाच्या रक्तातील कणांसारखेच सु. २२ नॅनोमीटर व्यासाचे कण बनतात. हे कण ॲल्युमिनियमाच्या लवणावर अधिशोषित करतात (पृष्ठभागावर धरून ठेवतात). हे लवण सहायक द्रव्य म्हणून काम करते. त्यामुळे अंतःक्षेपणाच्या जागी प्रतिरक्षा कोशिका आकृष्ट होतात व प्रतिसाद वाढतो. लसीत व्हायरसाचा डीएनए नसल्यामुळे तिच्यापासून यकृतशोथ होणे तत्त्वतःच अशक्य आहे.

लसीचे कार्य : लस स्नायूत टोचल्यावर तेथील प्रतिजनग्राही कोशिका प्रतिजनाचे कण गिळतात आणि जवळच्या लसीका ग्रंथींत जातात. तेथे प्रतिजनाचे तुकडे त्या आपल्या पृष्ठावर मांडून साहाय्यक टी-लसीका कोशिकांना दाखवितात. ज्यांच्याशी हे तुकडे जुळतात त्या टी-कोशिका उद्दीपित होऊन बी-लसीका कोशिकांना मदत करतात. बी-कोशिकांचे गुणन होऊन त्यांपैकी काहींचे प्रतिपिंड तयार करणाऱ्या कोशिकांत, तर काहींचे दीर्घायुषी स्मृतिकोशिकांत रूपांतर होते. पुढे व्हायरस शरीरात शिरल्यास प्रतिपिंडे त्याच्या पृष्ठ प्रतिजनाला चिकटतात व यकृत कोशिकेत त्याचा प्रवेश रोखतात.

पहिल्या मात्रेनंतर प्रतिसाद मंद व अल्प असतो. तिचे मुख्य कार्य ओळख करून देण्याचे आहे. दुसऱ्या मात्रेने तो वाढतो. काही महिन्यांच्या अंतराने दिलेल्या तिसऱ्या मात्रेच्या वेळी पक्व झालेल्या स्मृतिकोशिका जागृत होऊन प्रतिपिंडांची पातळी अनेक पटींनी वाढते आणि ती दीर्घकाळ टिकते. चाळीस वर्षांखालील निरोगी प्रौढांत पहिल्या मात्रेनंतर सु. ३० ते ५५ टक्के, दुसरीनंतर सु. ७५ टक्के व तिसरीनंतर ९० टक्क्यांहून अधिक व्यक्तींत संरक्षक प्रतिसाद आढळतो. दोन मात्रांनंतर ‘लस घेतली’ अशा समजुतीत राहणाऱ्या प्रौढांपैकी सुमारे चौथा हिस्सा प्रत्यक्षात असुरक्षित असतो, असा याचा अर्थ आहे.

प्रौढांतील लसीकरण : बालपणी लस न मिळालेल्या कोणत्याही प्रौढास ती घेता येते. पुढील व्यक्तींनी ती अवश्य घ्यावी : डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, वैद्यकाचे विद्यार्थी व रुग्णालयातील कचरा उचलणारे सफाई कामगार, बाधित व्यक्तीचे पती किंवा पत्नी आणि घरातील इतर माणसे, एकापेक्षा अधिक व्यक्तींशी लैंगिक संबंध असणारे व पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणारे पुरुष, सुईने मादक द्रव्ये घेणारे, अपोहनावर (कृत्रिम रीतीने रक्त शुद्ध करण्याच्या उपचारावर) असलेले किंवा वारंवार रक्ताधान घ्यावे लागणारे रोगी, यकृताचे इतर चिरकारी विकार, मधुमेह वा एचआयव्ही संसर्ग असणारे. गर्भारपण व स्तनपान यांमुळे लसीकरणास बाध येत नाही.

पूर्वतपासणी : लस घेण्यापूर्वी रक्ततपासणी करणे ही पूर्वअट नाही, परंतु ज्यांना आधीच संसर्ग झालेला असण्याची शक्यता आहे अशांत ती उपयुक्त ठरते. तीत पृष्ठ प्रतिजन, पृष्ठ प्रतिपिंड व गाभा प्रतिपिंड अशा तीन गोष्टी पाहतात. पृष्ठ प्रतिजन आढळल्यास त्या व्यक्तीस चालू संसर्ग असतो. पृष्ठ व गाभा अशी दोन्ही प्रतिपिंडे आढळल्यास पूर्वी संसर्ग होऊन गेलेला असतो. केवळ पृष्ठ प्रतिपिंड आढळल्यास ते लसीमुळे निर्माण झालेले असते, कारण लसीत गाभा प्रतिजन नसते. तिन्ही नसल्यास व्यक्ती संवेदनक्षम असून तिने लस घ्यावी. आधीच बाधित असलेल्या व्यक्तीस लस दिल्यास तिला अपाय होत नाही. मात्र उपयोगही होत नाही आणि आपण सुरक्षित आहोत अशा भ्रमात तिचे निदान व उपचार लांबणीवर पडतात.

मात्रा व वेळापत्रक : प्रौढांसाठी प्रचलित यीस्टजन्य लसीची नेहमीची मात्रा १ मिलि. असून तीत बहुतेक बनावटींत २० मायक्रोग्रॅम प्रतिजन असते (काही बनावटींत १० मायक्रोग्रॅम). मात्रा तीन असून पहिलीनंतर एका महिन्याने दुसरी व सहा महिन्यांनी तिसरी देतात. पहिल्या दोन मात्रांत किमान चार आठवडे, दुसऱ्या व तिसऱ्या मात्रेत किमान आठ आठवडे आणि पहिल्या व तिसऱ्या मात्रेत किमान सोळा आठवडे अंतर असावे. लवकर संरक्षण हवे असल्यास ०, १, २ महिने व वर्षाअखेर चौथी मात्रा असा शीघ्र क्रम काही बनावटींसाठी मान्य आहे. मात्रा चुकल्यास किंवा लांबल्यास पहिल्यापासून पुन्हा सुरुवात करण्याची गरज नसते. राहिलेली मात्रा शक्य तितक्या लवकर घेऊन क्रम पूर्ण करावा. एका उत्पादकाच्या लसीने सुरू केलेला नेहमीचा तीन मात्रांचा क्रम दुसऱ्याच्या समकक्ष लसीने पूर्ण करता येतो. अधिक प्रभावी सहायक द्रव्य वापरलेल्या व चार आठवड्यांच्या अंतराने केवळ दोनच मात्रा लागणाऱ्या एका लसीस अमेरिकेत २०१७ मध्ये परवाना मिळाला.

लस दंडाच्या वरच्या भागातील अंसच्छद स्नायूत खोलवर टोचावी. नितंबात टोचल्यास ती पुष्कळदा स्नायूऐवजी मेदात राहते व प्रतिसाद स्पष्टपणे कमी मिळतो. लठ्ठ व्यक्तीसाठी पुरेशा लांबीची सुई वापरावी. रक्तस्रावाची प्रवृत्ती असणाऱ्यांत बारीक सुई वापरून नंतर जागा काही मिनिटे दाबून धरतात किंवा लस त्वचेखाली देतात. प्रत्येक व्यक्तीसाठी निर्जंतुक, एकदाच वापरावयाची सुई व पिचकारी असणे अनिवार्य आहे. जो रोग टाळण्यासाठी लस द्यावयाची तोच रोग निष्काळजीपणाने सुईवाटे पसरू शकतो.

अपोहनावरील रोगी व तीव्र प्रतिरक्षान्यूनता असलेल्या व्यक्ती यांत प्रतिसाद क्षीण असल्याने त्यांना दुप्पट मात्रा (४० मायक्रोग्रॅम) द्यावी लागते. अपोहनाच्या रोग्यांना ती साधारणतः ०, १, २ व ६ महिन्यांनी देतात. मूत्रपिंडाचा विकार बळावत असल्याचे दिसताच, अपोहन सुरू होण्यापूर्वीच लसीकरण केल्यास प्रतिसाद अधिक चांगला मिळतो.

प्रतिसादाचे मापन : शेवटच्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातील पृष्ठ प्रतिपिंडांची पातळी दर मिलिलिटरला १० सहस्रांश आंतरराष्ट्रीय एकक किंवा अधिक असल्यास व्यक्ती संरक्षित मानतात. सर्वसामान्य निरोगी प्रौढात या तपासणीची गरज नसते. आरोग्य कर्मचारी, अपोहनावरील रोगी, प्रतिरक्षान्यून व्यक्ती आणि बाधितांचे लैंगिक जोडीदार यांत ती करावी. वय चाळिशीपलीकडे असणे, लठ्ठपणा, धूम्रपान, चिरकारी विकार व काही आनुवंशिक लक्षणे यांमुळे प्रतिसाद कमी मिळतो. साठीच्या सुमारास तो सु. ७५ टक्के व्यक्तींतच मिळतो. प्रतिसाद न मिळालेल्यांना लसीचा आणखी एक पूर्ण क्रम द्यावा. त्यानेही प्रतिपिंडे न आढळल्यास पृष्ठ प्रतिजनाची तपासणी करावी, कारण अप्रतिसादाचे कारण पूर्वीचाच अज्ञात संसर्ग असू शकते. ती नकारात्मक आल्यास अशा व्यक्तीने आपण असुरक्षित आहोत हे जाणून संपर्कानंतरच्या उपायांसाठी दक्ष राहावे.

प्रतिरक्षेचा टिकाऊपणा : प्रतिपिंडांची पातळी वर्षानुवर्षे घटत जाते व पुष्कळांत ती काही काळाने १० एककांखाली येते. तरीही संरक्षण संपत नाही. परिपाक काल दीर्घ असल्यामुळे व्हायरस शरीरात शिरल्यावर रोग होण्यापूर्वी स्मृतिकोशिकांना नवी प्रतिपिंडे तयार करण्यास पुरेसा अवधी मिळतो. लसीकरण झालेल्यांच्या दीर्घ पाहणीत तीस वा अधिक वर्षे संरक्षण टिकल्याचे आढळले आहे. त्यामुळे निरोगी व्यक्तीस दर पाच वर्षांनी वर्धक मात्रा घेण्याची आवश्यकता नाही. अपोहनावरील रोग्यांत मात्र प्रतिवर्षी पातळी मोजून ती १० एककांखाली गेल्यास वर्धक मात्रा देतात.

संपर्कानंतरचे उपाय : लस न घेतलेल्या व्यक्तीस बाधित रक्ताने माखलेली सुई टोचल्यास संसर्गाची शक्यता, सुई ज्याच्या रक्ताने माखली त्याच्या संसर्गक्षमतेनुसार, सु. ६ ते ३० टक्के असते. अशा वेळी जखम साबण व पाण्याने धुवावी. ती पिळू नये. लसीची पहिली मात्रा व तयार प्रतिपिंडे असलेले यकृतशोथ बी प्रतिरक्षा ग्लोब्युलिन (शरीरभाराच्या दर किग्रॅ.ला ०.०६ मिलि.) शक्य तर २४ तासांच्या आत, निरनिराळ्या जागी टोचावीत. ग्लोब्युलिनामुळे तात्काळ पण अल्पकालीन, तर लसीमुळे विलंबाने पण दीर्घकालीन संरक्षण मिळते. सुई टोचल्यानंतर सात दिवसांपलीकडे ग्लोब्युलिनाचा उपयोग होतो असे दिसून आलेले नाही. पूर्वी लस घेऊन पुरेशी प्रतिपिंडे निर्माण झाल्याची नोंद असलेल्या निरोगी व्यक्तीस यांपैकी कशाचीही गरज नसते. म्हणूनच आरोग्य कर्मचाऱ्याने आपल्या लसीकरणाची व तपासणीची नोंद जपून ठेवणे महत्त्वाचे आहे.

सुरक्षितता : १९८२ पासून जगभर या लसीच्या शंभर कोटींहून अधिक मात्रा दिल्या गेल्या आहेत. टोचलेली जागा दुखणे, सौम्य ताप, डोकेदुखी व थकवा एवढेच त्रास सामान्यतः आढळतात व ते एक-दोन दिवसांत शमतात. तीव्र स्वरूपाची अधिहर्षता (ॲलर्जी) दर दहा लाख मात्रांमागे सु. एक इतकी विरळ आहे; तथापि तिचा उपचार तात्काळ करावा लागत असल्याने लस घेतल्यावर सु. १५ मिनिटे केंद्रात थांबावे. पूर्वीच्या मात्रेने अथवा यीस्ट वा लसीतील अन्य घटकाने अशी तीव्र विक्रिया झालेल्यांस लस देऊ नये. मध्यम वा तीव्र आजारात ती पुढे ढकलावी. साधे पडसे हे ती टाळण्याचे कारण नव्हे. लस घेतल्यावर काही दिवस (१८ दिवसांपर्यंत) लसीतीलच पृष्ठ प्रतिजन रक्तात आढळू शकते. या काळात केलेल्या तपासणीवरून संसर्ग झाल्याचा चुकीचा निष्कर्ष निघू नये म्हणून ती लांबवावी.

लसीविषयीचा सर्वांत गाजलेला वाद फ्रान्समध्ये झाला. तेथे प्रौढांच्या व्यापक लसीकरणानंतर काही व्यक्तींत मज्जासंस्थेचा बहुविध दृढन हा विकार आढळल्याच्या वार्ता पसरल्या व ऑक्टोबर १९९८ मध्ये शासनाने शाळांतील लसीकरण थांबविले. हा विकार तरुण प्रौढांत मुळातच आढळतो. त्याच वयात लाखो लोकांना लस दिल्यास दोन्ही घटना काही व्यक्तींत लागोपाठ येणे अपरिहार्य असते. त्यांच्यात कार्यकारणभाव आहे की नाही, हे लस घेतलेल्या व न घेतलेल्या गटांच्या तुलनेनेच ठरते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांपैकी एकात लसीमुळे हा विकार होण्याचे प्रमाण वाढत नाही असे, तर दुसऱ्यात लसीमुळे तो पुन्हा उचल खात नाही असे दिसून आले. दरम्यान फ्रान्समधील लसीकरणाचे प्रमाण दीर्घकाळ मागे पडले. अखेर २०१८ पासून तेथे अर्भकांसाठी ही लस सक्तीची करण्यात आली.

साठवण : लस २° ते ८° से. तापमानात ठेवावी. ती गोठू देणे हे थोडा वेळ उष्णता लागण्यापेक्षाही अधिक हानिकारक असते, कारण गोठल्याने ॲल्युमिनियम लवणाचे कण एकत्र गोळा होतात व लस निष्प्रभ होते. गोठलेली लस वितळल्यावर वापरू नये. वापरण्यापूर्वी कुपी हलविल्यावर द्रव एकसारखा दुधाळ दिसला पाहिजे.

मर्यादा : मराठीत ‘काविळीची लस’ या नावाने ही लस ओळखली जात असल्यामुळे तिने सर्व प्रकारची कावीळ टळते असा समज आढळतो. तो बरोबर नाही. पावसाळ्यात दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ प्रामुख्याने ए व ई व्हायरसांमुळे होते आणि तिच्यावर या लसीचा काही परिणाम होत नाही. तिच्यासाठी शुद्ध पाणी व स्वच्छता हेच मुख्य उपाय होत. रक्तावाटे पसरणाऱ्या सी प्रकारापासूनही ही लस संरक्षण देत नाही. डी प्रकारापासून मात्र ती अप्रत्यक्षपणे संरक्षण देते, कारण डी व्हायरस बी व्हायरसाच्या आवरणावाचून पसरू शकत नाही.

सार्वजनिक आरोग्यातील महत्त्व : तैवानने १९८४ मध्ये वाहक मातांच्या अर्भकांपासून राष्ट्रव्यापी लसीकरण सुरू केले. तेथील ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांतील यकृत कर्करोगाचे प्रमाण १९८१–८६ या काळात दर लाखास ०.७० होते, ते १९९०–९४ मध्ये ०.३६ झाले. लसीने कर्करोग टळू शकतो याचा हा ठोस पुरावा ठरला. १९९२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्व देशांच्या लसीकरण कार्यक्रमांत या लसीचा समावेश करण्याची शिफारस केली. भारतात २००२ मध्ये निवडक शहरे व जिल्ह्यांत प्रायोगिक आरंभ होऊन २०११ मध्ये ती देशभर लागू झाली. जन्मानंतर २४ तासांच्या आत एक व पुढे ६, १० व १४ आठवड्यांनी संयुक्त लसीतून तीन अशा मात्रा अर्भकांस विनामूल्य देतात. राष्ट्रीय व्हायरसजन्य यकृतशोथ नियंत्रण कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला असून त्यात तपासणी व उपचारांबरोबर आरोग्य कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाचाही अंतर्भाव आहे.

या कार्यक्रमांपूर्वी जन्मलेली पिढी आज प्रौढ असून तिचा मोठा भाग लसीकरणाबाहेर राहिला आहे. तिच्यातील संवेदनक्षम व्यक्तींना तिन्ही मात्रा मिळणे आणि आधीच बाधित असलेल्यांचा शोध लागून त्यांच्यावर नियमित देखरेख राहणे, ही दोन्ही कामे बरोबरीने व्हावी लागतात. बाधित व्यक्तीस नोकरी, शिक्षण वा विवाह यांत अस्पृश्यासारखे वागविण्यास कोणताही शास्त्रीय आधार नाही. तिच्या घरच्यांनी लस घेतली की, एकत्र राहण्यात त्यांना या रोगाची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही.